आठशे मिलीलिटरचा फरक

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळतं आणि पेला खाली ठेवायच्या आत प्रश्न मिळतो, "गाडी काय ॲव्हरेज देते?" पाणी मी देते, प्रश्न नवरा विचारतो. पाहुणा रिक्षाने आला असेल तर नवऱ्याची पंचाईत होते. मग तो तब्येतीची वगैरे चौकशी करतो, पण त्यात त्याचं मन नसतं.

नोकरीत असताना तो सरकारी कचेऱ्यांचे हिशेब तपासायचा. म्हणजे लोकांनी लिहिलेल्या आकड्यांवर विश्वास न ठेवण्याचा त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही. सुरुवातीला त्याने माझा किराणा तपासून पाहिला, पण ते फार दिवस चालू देण्याइतकी मी गरीब नाही. मग त्याने गाड्या धरल्या. माणूस आपल्या वयाबद्दल बोलत नाही इतकं खोटं दुचाकीच्या ॲव्हरेजबद्दल बोलतो, असं त्याचं ठाम मत आहे. सांगितलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे हा त्याचा नियम. गाडी नवी असेल तर पंधरा. आणि जो म्हणेल, "तसं कधी काढलं नाही, पण चांगलं देते," त्याला घरात चहा मिळतो, दुसऱ्यांदा बोलावणं मिळत नाही.

मी शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवते, त्यामुळे या छंदात नाक खुपसायचा मला अधिकार आहे. एकदा विरारच्या एका लग्नाला शेजारचे लोक आम्हाला त्यांच्या कारमधून चला म्हणाले. नवरा म्हणाला, कार लिटरला वीस देते, आपली स्कूटर चाळीस देते, दुप्पट पेट्रोल कशाला जाळायचं? मी त्याला विचारलं, कारमध्ये माणसं किती? पाच. वीस पंचे शंभर. स्कूटरवर किती? दोन. चाळीस दुणे ऐंशी. एका लिटरमध्ये कार जास्त माणसांना जास्त लांब नेते. तो म्हणाला, की त्याला कारमध्ये मळमळतं. पण गेलो आम्ही कारनेच. पैठणी नेसून स्कूटरवर बसायचं माझं टळलं. शिवाय दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गाला एक आयतं उदाहरण मिळालं.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, पण मुलगी लहान असल्यापासून वसईजवळ निर्मळला राहतो. नाक्यावर बसमधून उतरलं की एक गल्ली केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांमधून आत जाते, तिच्या शेवटाला आमचं घर. मुलगी नालासोपाऱ्याच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करते. बापाची मान मात्र तिला कधी वळवता आली नाही, असं मी तिला चिडवायचे. तेव्हा मला माहीत नव्हतं की तिला खरंच त्याची गरज पडणार आहे.

मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तिने जेवता जेवता सांगितलं, की इस्पितळात एक्स-रे काढणारा एक मुलगा आहे, तिला तो आवडतो, त्यालाही ती आवडते, आणि लग्न करायचं आहे. तो वसईच्या पाचूबंदरचा. वडिलांची आणि काकांची मिळून मासेमारीची बोट आहे. हे सगळं तिने इतक्या सपाट आवाजात सांगितलं की नवऱ्याने आधी आमटी वाढून घेतली आणि मग त्याच्या लक्षात आलं काय ऐकलं ते.

पुढचं तिने बापाकडे बघून सांगितलं. "तुमच्या मनाविरुद्ध करणार नाही, बाबा. पण तुम्ही नाही म्हणालात तर दुसरं कुणी बघूही नका. मी करणार नाही." तिच्या बोलण्यात धमकी नव्हती. ती लहानपणापासून अशीच आहे. एकदा बोलली की बोलली. मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. तोही तसाच आहे.

आता नवऱ्याला जे विचारायचं होतं ते विचारायची त्याला सोय नव्हती. आपण जातपात मानत नाही, हे तो इतकी वर्षं चारचौघांत सांगत आला होता आणि मुलीने ते प्रत्येक वेळी ऐकलं होतं. "कोळ्यांच्या घरात तुझं कसं जमायचं?" हे वाक्य त्याच्या घशाशी येऊन अडकलेलं मला दिसत होतं. बाहेर काढावं तर स्वतःचीच अब्रू जाते, गिळावं तर गिळवत नाही. तसाच तो दोन-तीन दिवस घरात फिरला आणि मग म्हणाला, "रविवारी बोलाव त्याला. बघू तरी."

मुलगा आला. सावळा, शिडशिडीत, बोलायला बेताचा. हातात पापलेटांची पिशवी होती. पापलेटं पाहून नवऱ्याचा चेहरा जरा सैल झाला, कोकणातल्या माणसाचा किती केलं तरी होतोच, पण त्याने तो लगेच पुन्हा आवळला. मी पाणी दिलं. मुलीने माझ्याकडे बघून डोळे मिटले, कारण पुढे काय येणार ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

"गाडी काय ॲव्हरेज देते?"

"चाळीस," मुलगा म्हणाला.

नवऱ्याने दाराबाहेर उभी असलेली त्याची मोटरसायकल पाहून घेतली. तसलीच गाडी आमच्या गल्लीत आणखी तिघांकडे आहे आणि तिघंही साठाच्या खाली उतरायला तयार नाहीत. नियमाप्रमाणे दहा वजा केले तरी पन्नास. इथे हा पोरगा स्वतःच्या तोंडाने चाळीस सांगतोय, आणि वर कसलं कारण देत नाही. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात, रस्ते खराब आहेत, सर्व्हिसिंग राहिलंय, काही नाही. नवऱ्याची सगळी विद्या एका शब्दात निकामी झाली. चाळिसातून दहा वजा करायचे तर गाडी ढकलतच आणली म्हणायची.

काहीतरी विचारायचं म्हणून त्याने बोटीचं ॲव्हरेज विचारलं. तेव्हा मुलगा पहिल्यांदा हसला आणि त्याच्या तोंडात घरची बोली आली. "बोटीचं कोन काढतो, काका? किती लांब गेली ते कोनी मोजत नाय. परत आली ते बघतात."

मला मुलगा तिथेच पसंत पडला. नवऱ्याला मात्र चाळिसाने झोप येऊ दिली नाही. तो मला म्हणाला, तीनच शक्यता आहेत. एक, मुलगा प्रामाणिक आहे. दोन, त्याला गाडी चालवता येत नाही. तीन, मी असा प्रश्न विचारतो हे मुलीने आधी सांगून ठेवलंय आणि प्रामाणिक दिसायला त्याने आकडा मुद्दाम कमी सांगितला. मी म्हटलं, चौथी शक्यता अशी की तुम्हाला होही म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. यावर तो कूस बदलून झोपला.

पुढच्या रविवारी त्याने मुलाची गाडी मागून घेतली. ॲव्हरेज काढायची पद्धत सोपी आहे. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा लक्षात ठेवायचा, गाडी फिरवून आणायची आणि टाकी पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्या वेळी जेवढं पेट्रोल मावलं तेवढं जळलं. किलोमीटरना तेवढ्या लिटरने भागायचं, संपलं. पण नवऱ्याच्या हातात ती पूजा होते. पंप तोच हवा, पाइप तोच हवा, गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी हवी, आणि पेट्रोल उन्हाने फुगायच्या आत सकाळी भरायला हवं. पंपावरची माणसं त्याला लांबून ओळखतात आणि चहाची वेळ त्याच्यावरून ठरवतात. त्या दिवशी तो अर्नाळ्याला गेला, विरारला गेला, वसईच्या किल्ल्यापर्यंत जाऊन आला. शंभर किलोमीटर, दोन लिटर. पन्नास.

"तुझं चाळीस कसं?" त्याने मुलाला विचारलं.

मुलगा म्हणाला, रोजच्या रस्त्याला ट्रॅफिक असतो. हे नवऱ्याला पटलं नाही. त्याच्या सांगण्यावरून मुलाने पुढचा आठवडाभर मोजमाप केलं, रविवारी त्याच पंपावर टाकी भरून सुरुवात, पुढच्या रविवारी तिथेच शेवट. पाचूबंदर ते नालासोपारा रोजचं जाणं-येणं धरून एकशे साठ किलोमीटर झाले, आणि टाकीत बरोबर चार लिटर मावले. चाळीस.

म्हणजे मुलगा खरं बोलला होता. मला वाटलं, झालं आता, परीक्षा संपली. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले त्याला बरोबर आलेला हिशेब जास्त खुपतो. तो वर्तमानपत्राच्या समासात आकडेमोड करत बसला. एकशे साठ किलोमीटर पन्नासच्या हिशेबाने गेले असते तर तीन लिटर आणि दोनशे मिली लागलं असतं. लागलं चार. आठशे मिली कुठे गेलं?

मी विचारलं, भलतीकडे फिरायला जात असेल तर? आणि विचारतानाच माझ्या ध्यानात आलं की तसं होऊ शकत नाही. कुठेही गेला तरी काट्यावर किलोमीटर पडणारच. पेट्रोल जळतंय आणि किलोमीटर पडत नाहीत, याचा अर्थ इंजिन चालू आहे आणि गाडी जागच्या जागी आहे. हे मी मोठ्याने बोलले. नंतर वाटलं, गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

"बरोबर," नवरा म्हणाला. "म्हणजे पोरगा खरं बोलतो, पण पूर्ण बोलत नाही."

त्यानंतर जे झालं त्याला आमच्या गल्लीत अजून हसतात. नवऱ्याची स्वतःची एक जुनी मोटरसायकल आहे, तिच्या टाकीची नळी त्याने काढली. औषधांच्या दुकानातून सलाईनची नळी आणली, ती एका उलट्या बाटलीला जोडली आणि बाटली आरशाच्या दांड्याला बांधली. बाटलीत शंभर मिली पेट्रोल. मग इंजिन चालू करून समोर प्लास्टिकची खुर्ची टाकून घड्याळ घेऊन बसला. मोटरसायकलला सलाईन लावलेलं पाहून शेजारच्या वहिनी कुंपणापाशी आल्या आणि त्यांनी मला हळूच विचारलं, भावोजी बरे आहेत ना? मी म्हटलं, मोटरसायकल जगेल, यांचं सांगता येत नाही.

शंभर मिली अर्धा तास पुरलं. मग आठशे मिली चार तास. मुलगा आठवड्याला सहा दिवस कामावर जातो. चार तासांची दोनशे चाळीस मिनिटं, भागिले सहा. रोजची चाळीस मिनिटं.

"रोज चाळीस मिनिटं हा इंजिन चालू ठेवून कुठेतरी उभा असतो," नवरा जेवताना म्हणाला. "कुणासाठी? पानाच्या टपरीवर, की आणखी कुणाच्या दारात? साधं इंजिन बंद न करणारा माणूस पुढे काय काय चालू ठेवील."

मुलीने ताट सरकवलं. तिला कधी रडताना बघायची सवय नाही मला. त्या दिवशीही ती रडली नाही. "बाबा, त्याच्या घरची माणसं महिनाभर तुमच्या बोलावण्याची वाट बघतायत. तुम्हाला जावई हवाय की पंप, ते एकदा ठरवा." मी तिला विचारलं, तुला ठाऊक आहे का पेट्रोल कुठे जातं? ती म्हणाली, ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही; एवढं सगळं मोजलंय तर तेही मोजून काढू दे त्यांना. आणि उठून गेली.

मला नवऱ्याचा मनापासून राग आला. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याच्या आकड्यांना हसत आले, कारण त्यांनी कुणाचं वाईट झालं नव्हतं. आता होत होतं. एका पोरीचं आयुष्य आठशे मिलीवर टांगलं होतं. मी त्याला सांगितलं, उद्या संध्याकाळी तुम्ही आणि मी नालासोपाऱ्याला जाऊ, त्याच्या मागे मागे फिरू, आणि जे दिसेल ते दिसेल. पण त्यानंतर तुम्ही एकच शब्द बोलायचा, हो किंवा नाही. तो कबूल झाला. मला वाटतं तोही दमला होता.

संध्याकाळी साडेपाचला आम्ही इस्पितळासमोरच्या रसवंतीपाशी स्कूटर लावली. नवऱ्याने हेल्मेटची काच खाली ओढली आणि मला पदर डोक्यावर घ्यायला सांगितला. या वेषात आम्ही आधी होतो त्याहून जास्त ओळखू येत होतो. थोड्या वेळाने मुलगी बाहेर आली आणि बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. तिच्या मागोमाग मुलगा गाडी घेऊन आला. तो तिच्यापाशी गेला नाही. रस्त्याच्या पलीकडे, तिला दिसेल असा उभा राहिला. इंजिन चालू. बस कधी येईल याचा इथे कुणाला भरवसा नसतो, आणि आली की फार थांबत नाही.

"बघ," नवरा म्हणाला आणि घड्याळाकडे बघितलं.

बस आली, मुलगी चढली. मुलगा बसच्या मागे निघाला आणि आम्ही मुलाच्या मागे. बस प्रत्येक थांब्यावर थांबायची, की तो थांबायचा, की आम्ही थांबायचो. त्याला पुढे निघून जायला रस्ता मोकळा होता, पण तो गेला नाही. बसच्या धुरात शांतपणे उभा राहायचा. मधेच खिडकीतून एक हात बाहेर यायचा आणि आत जायचा. तो माझ्या मुलीचा हात होता, मी तो कुठेही ओळखीन. नवऱ्याने तो पाहिला की नाही कोण जाणे. तो पुटपुटत होता, की असं थांबत थांबत चालवलं तर ॲव्हरेज पडणारच.

निर्मळच्या नाक्यावर मुलगी उतरली आणि आमच्या गल्लीला लागली. मुलाने गाडी तिच्यामागे गल्लीत घातली. आम्ही स्कूटर फुलवाल्याच्या टपरीमागे लावली आणि केळींच्या आडोशाने चालू लागलो. या वयात वाडीच्या कुंपणाला धरून वाकून चालताना माझी कंबर बोलायला लागली, पण समोरचं बघून मी ती विसरले.

मुलगी गल्लीच्या डाव्या कडेने चालत होती, खांद्याला पिशवी, रोजच्यासारखी. उजव्या कडेने मुलगा गाडीवर. गाडी पहिल्या गियरमध्ये, त्याचे दोन्ही पाय जमिनीला घासत चाललेले, आणि वेग बरोबर तिच्या पावलांइतका. ती हळू झाली की तो हळू. ती हसली की गाडी जराशी डगमगायची. एका वळणावर ती तोंडली घ्यायला थांबली, तर तो पलीकडे थांबून मोबाइल बघू लागला, जसा काही पत्ता शोधतोय. दोघं चालत गेली असती तर गल्लीला ते जोडपं दिसलं असतं. गाडीवरचा माणूस आपला जाता जाता भेटलेला दिसतो. निदान त्या दोघांची तरी तशी समजूत होती.

आम्ही त्या वळणापाशी पोचलो तेव्हा तोंडलीवाल्या मावशींनी मला ओळखलं. पदर, केळी, कशाचा उपयोग झाला नाही.

"आज तुमी पन चालत, बाई?" त्या म्हणाल्या. "तुमचा जावई रोज असाच जातो बघा. पावसातबी येतो पोर. तिला मागं बसवीत का नाय?"

अख्ख्या गल्लीला माहीत होतं. आमच्या घराखेरीज सगळ्या घरांत तो जावई होऊन बसला होता.

मागे का बसवत नाही, याचं उत्तर त्या क्षणी मला मिळालं आणि मी जागीच उभी राहिले. मुलगी कॉलेजला जायला लागली तेव्हा नवऱ्याने तिला एकच अट घातली होती, की लग्न ठरेपर्यंत कुणाच्याही गाडीवर मागे बसायचं नाही. त्याच्या कचेरीतल्या कुणाच्या तरी पोरीला असंच गाडीवरून मागे पडून जबर लागलं होतं, म्हणून ही अट. ती घालून तो विसरला. मीही विसरले. अट घालणाऱ्याला एक वाक्य बोलायचं असतं, पाळणाऱ्याला रोजचं पाळावं लागतं. मुलीने ती कॉलेजभर पाळली, नोकरीत पाळली, आणि ज्याच्याशी लग्न करायचं त्याच्या बाबतीतही पाळली. आणि त्या पोराने कधी म्हटलं नाही, की बस गं, तुझ्या बापाला काय कळतंय. त्याने आपली गाडी तिच्या चालीने चालवली.

मला माझ्या मुलीचा हेवा वाटला, खरंच सांगते. माझ्यासाठी कुणी असं पेट्रोल जाळलं नाही. ज्याच्याशी मी लग्न केलं तो उतारावर इंजिन बंद करणारा माणूस.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने घड्याळाकडे बघायचं सोडलं होतं. "क्लचप्लेट जाईल त्याची," तो म्हणाला. पण ते त्याच्या नेहमीच्या आवाजात नव्हतं, आणि चष्मा पुसायला त्याला नको इतका वेळ लागला.

गल्लीच्या शेवटी विहीर आहे. तिथे मुलाने गाडी वळवली आणि मुलगी घराकडे एकटी आली. आम्ही दोघं वाडीतल्या आडवाटेने तिच्या आधी घरी पोचायचा बेत केला होता, पण कुंपणात माझा पदर अडकला आणि आम्ही तिघं फाटकापाशी एकदमच आलो. तिने माझ्या पदरातली काटकी बघितली, बापाच्या पँटला चिकटलेला चिखल बघितला, आणि काय झालं असेल ते तिला कळलं. उत्तर काय येतंय याची वाट बघत ती पिशवीचा पट्टा धरून उभी राहिली.

मी नवऱ्याला बजावलं होतं की एकच शब्द बोलायचा. पण त्याच्याने एका शब्दावर भागणार नव्हतं.

"उद्यापासून त्याच्या मागे बसून येत जा," तो म्हणाला. "आठशे मिली पेट्रोल जातंय आठवड्याला."

मुलीला ते एकदम उमगलं नाही. ती खाली बघत अगदी हळू म्हणाली, "लग्न ठरल्याशिवाय मागे बसायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं, बाबा."

"हो," तो म्हणाला. "मग बस ना."